जाहिरात ही प्रश्नपत्रिका: सीव्ही आणि अर्ज लिहिण्याची एक पद्धत

एका जागेसाठी दोनशेच्या वर अर्ज, हातात एक दुपार आणि संध्याकाळपर्यंत वरिष्ठांना आठ नावं द्यायची. अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला मी काही वर्षं बसलो आहे. त्या दुपारी नेमकं काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच निघते.

पहिल्या फेरीत सीव्ही कुणी वरून खालपर्यंत वाचत नाही. नजर नावावरून सध्याच्या पदावर जाते, तिथून तारखांवर, मग आधीच्या नोकरीवर, मग थेट शिक्षणावर. लॅडर्स या अमेरिकी नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा ही पहिली नजर सरासरी ७.४ सेकंदांची निघाली. सात सेकंदांत कुणाची निवड होत नाही. 'बाजूला ठेवू, नंतर नीट वाचू' की 'राहू दे', एवढंच ठरतं. त्या वेळी वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: आमचं हे काम या माणसाने आधी कुठे केलंय का? उत्तर समोर दिसलं तर कागद उजवीकडच्या गठ्ठ्यात जातो. शोधावं लागलं, तर बहुतेक वेळा डावीकडे.

सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'आयुष्याची वाटचाल', आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लोक खरोखरच वाटचाल लिहायला बसतात. लिओनार्दो दा विंचीने हा घोळ पाचशे वर्षांपूर्वीच टाळला होता. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानचा सत्ताधारी लुडोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरी मागणारं पत्र तयार केलं, त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात ओळीने मुद्दे येतात: हलके, उचलून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढायची युक्ती, तोफा, झाकलेली रथासारखी वाहनं. शांततेच्या काळातलं बांधकाम दहाव्या मुद्द्यात येतं, आणि चित्रकला त्याच्याही नंतर. मिलानला लढाईची धास्ती होती, चित्रांची नव्हती. शेवटी तो म्हणतो, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या उद्यानात करून दाखवतो.

आधी जाहिरात फोडा

बहुतेक जण जाहिरात दोन मिनिटांत वाचतात आणि सीव्हीच्या रंगसंगतीवर दोन तास घालवतात. हे उलटं करा. जाहिरात छापून घ्या, पेन घेऊन बसा. उदाहरणादाखल ही एक पाहा:

'स्टोअर इनचार्ज पाहिजे. गोदामाच्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आवश्यक. साठ्याच्या नोंदी कागदावरून संगणकावर आणण्याच्या कामात सहभाग अपेक्षित. एक्सेल उत्तम यावं. ५-६ जणांच्या टीमचं काम पाहावं लागेल. पुरवठादारांशी समन्वय. बारकोड प्रणालीची माहिती असल्यास प्राधान्य. उत्साही, मेहनती आणि दबावाखाली काम करू शकणाऱ्यांनी अर्ज करावा.'

शेवटचं वाक्य भरताड आहे. ते प्रत्येक जाहिरातीत असतं, त्यावर काट मारा. दुर्दैव असं, की उमेदवार सगळ्यात मन लावून नेमकं त्याच वाक्याला उत्तर देतात: 'मी उत्साही आणि मेहनती आहे.' ज्या शब्दाला 'आवश्यक' लावलंय त्याखाली दोन रेघा ओढा. 'प्राधान्य' असेल तिथे एक. आता नोंदींबद्दलचं वाक्य पुन्हा वाचा. या लोकांच्या नोंदी अजून कागदावर आहेत आणि त्या हलवायच्या आहेत. जागा भरायचं खरं कारण बहुधा हेच. असं दुखणं जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत कुठेतरी बोलून जातं. ते सापडलं की सीव्हीच्या पहिल्या तीन ओळींत काय यायला हवं हे ठरतं.

मग कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे त्यांची प्रत्येक मागणी, उजवीकडे तुमच्याकडचा पुरावा. गुण लिहायचे नाहीत, पुरावा लिहायचा: कुठे, कधी, काय केलं. उजवीकडच्या एक-दोन जागा रिकाम्या राहिल्या तरी अर्ज करा. शंभर टक्के जुळणारा उमेदवार मी फारसा पाहिलेला नाही. मात्र रिकामी जागा एखाद्या परवान्याची किंवा कायद्याने लागणाऱ्या पात्रतेची असेल, तर वेळ दुसऱ्या अर्जावर घालवा.

कुणाला न दाखवायची फाइल

पाठवायचा सीव्ही लिहिण्याआधी एक मोठी कच्ची फाइल बनवा. आजवर केलेलं प्रत्येक काम, सुरू झाल्याचा आणि संपल्याचा महिना, वापरलेली सॉफ्टवेअर, शिकवलेली माणसं, निस्तरलेले घोटाळे, तुमच्याबद्दल चार शब्द सांगू शकतील अशांची नावं. सहा-सात पानं झाली तरी हरकत नाही. पुढचा प्रत्येक अर्ज यातून उचलून तयार होतो, त्यामुळे एक संध्याकाळ यात घातली की पुढच्या अनेक वाचतात.

आकडे आठवत नाहीत अशी तक्रार नेहमी येते. आठवत नाहीत कारण आपण स्वतःला 'मोठं काय केलं?' असं विचारतो. त्याऐवजी बारके प्रश्न विचारा. दिवसाला किती? चूक झाली तर कुणाच्या लक्षात यायची? मी रजेवर गेलो की काय अडायचं? मी आलो तेव्हा कसं चालायचं आणि निघालो तेव्हा कसं? रजेचा प्रश्न माझा आवडता आहे. त्याच्या उत्तरात तुमची खरी नोकरी असते, नेमणूकपत्रात नसते.

मांडणी

यावर फार बोलण्यासारखं नाही. वर नाव, फोन, ईमेल, राहण्याचं शहर. मग तीन ओळींचा सारांश. मग अनुभव, सगळ्यात अलीकडचा सगळ्यात वर. मग शिक्षण, कौशल्यं, आणि असेल तर भाषा-प्रमाणपत्रं. पहिल्या आठ-दहा वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं, पुढे दोन. संशोधन आणि प्राध्यापकीचा सीव्ही वेगळा, तो शोधनिबंधांच्या यादीसकट लांबतो आणि लांबायलाच हवा. अमेरिकेत रेझ्युमे म्हणजे आखूड आणि सीव्ही म्हणजे हा लांबलचक प्रकार, ब्रिटनमध्ये साध्या नोकरीच्या कागदालाही सीव्हीच म्हणतात. जाहिरातीने जो शब्द वापरला असेल तो तुम्हीही वापरा.

फ्रेशर असाल तर शिक्षण वर घ्या, आणि प्रकल्प, इंटर्नशिप, सुट्टीतली कामं यांना अनुभवासारखंच वागवा. 'अनुभव: नाही' असं मथळा देऊन लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. जे नाही त्याला मथळा कशाला द्यायचा?

जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, वजन-उंची, ओळखपत्रांचे क्रमांक यातलं काही मागितल्याशिवाय देऊ नका. निवडीत त्याचा उपयोग नसतो, आणि ओळखपत्राचा क्रमांक भलत्या हातात गेला तर नवंच संकट. फोटोचंही तेच. 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' हे खालचं वाक्य आणि सहीची जागा छापील नमुन्यात असेल तरच ठेवा, नाहीतर ती ओळ अनुभवाला द्या.

सारांशाच्या जागी पूर्वी 'उद्दिष्ट' असायचं. माझ्या पहिल्या बायोडाटावर तीन ओळींचं उद्दिष्ट होतं: एका प्रगतिशील संस्थेत माझ्या क्षमतांचा विकास साधणं वगैरे. मित्राच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलेलं, आणि त्यानेही कुठून तरी उतरवलेलं असणार. वाचणाऱ्याला तुमच्या विकासाशी काही देणंघेणं नसतं, निदान पहिल्या दिवशी तरी. वरच्या जाहिरातीसाठी सारांश असा होईल: 'गोदाम आणि साठा व्यवस्थापनात ४ वर्षं. सुमारे १,२०० वस्तूंच्या नोंदी कागदावरून एक्सेलमध्ये आणण्याचं काम पूर्ण केलं. सध्या ४ जणांच्या टीमचं काम पाहतो.' जाहिरातीतल्या तीन मागण्यांना तीन वाक्यांत तीन उत्तरं.

एका ओळीचे तीन खर्डे

सीव्ही उभा राहतो किंवा पडतो तो अनुभवाच्या ओळींवर. म्हणून एक ओळ जवळून पाहू.

पहिला खर्डा: 'गोदामातील साठा व्यवस्थापनाची जबाबदारी यशस्वीरीत्या सांभाळली.'

यात चूक काही नाही, आणि माहितीही काही नाही. हीच ओळ तुमच्या आधीचा माणूस लिहू शकला असता, नंतरचाही लिहील. 'यशस्वीरीत्या' हा शब्द तर ओळीत काही नसल्याची खूण. आता तिला कच्च्या फाइलमधले प्रश्न विचारा. किती वस्तू? सुमारे १,२००. मोजणी कधी? आधी वर्षातून एकदा, सगळं काम थांबवून. तुम्ही काय बदललं? दर आठवड्याला एका विभागाची मोजणी. त्याने काय झालं? आधी शंभरातल्या सहा वस्तूंची नोंद प्रत्यक्षाशी जुळत नसे, दहा महिन्यांनी दोन.

दुसरा खर्डा: 'सुमारे १,२०० वस्तूंच्या वार्षिक मोजणीऐवजी दर आठवड्याला एका विभागाची मोजणी सुरू केली व त्यामुळे नोंदींमधील तफावत १० महिन्यांत ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणली.'

हे खूपच बरं. पण इथे मराठीची एक गोम आहे. इंग्रजीत सीव्ही लिहिणाऱ्यांना 'ओळीची सुरुवात जोरकस क्रियापदाने करा' असं शिकवतात. आपलं क्रियापद ओळीच्या शेवटी येतं, आणि घाईतली नजर तिथवर पोचत नाही. तो नियम उचलून आणला तर 'राबवली', 'हाताळले' अशा शब्दांनी संपणाऱ्या ओळींची माळ तयार होते, पुढचं काही कळत नाही. मराठीत लिहिताना ओळीच्या तोंडाशी कामाचं फळ ठेवा.

तिसरा खर्डा: 'साठ्याच्या नोंदींतील तफावत ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर, १० महिन्यांत. १,२०० वस्तूंची वार्षिक मोजणी बंद करून दर आठवड्याला एका विभागाची मोजणी सुरू केली.'

पहिले सात शब्द वाचले तरी मुद्दा कळतो. बाकीचं वाचायचं की नाही हे वाचणारा ठरवेल.

प्रत्येक ओळीला टक्केवारी लागतेच असं नाही, आणि ओढूनताणून आणलेली टक्केवारी मुलाखतीत गळ्याशी येते. 'हे ६ टक्के कसे मोजले?' या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नसेल तर आकडा काढून टाका. 'नव्याने आलेल्या ३ जणांना नोंदींची पद्धत शिकवली, त्यासाठी दोन पानांची माहितीपत्रिका तयार केली' ही ओळ टक्क्यांविनाही भक्कम आहे. काम पाच जणांनी मिळून केलं असेल तर आपला वाटा नेमका सांगा. सगळीकडे 'आम्ही' लिहिलं की तुम्ही काय केलं ते कळत नाही, आणि सगळीकडे 'मी' लिहिलं की कुणाचा विश्वास बसत नाही.

अलीकडच्या नोकरीला अशा चार-पाच ओळी, त्याआधीच्या नोकरीला दोन-तीन, दहा वर्षांपूर्वीच्या नोकरीला एक. सगळ्यांना समान न्याय देण्याची ही जागा नव्हे.

नोकरीत खंड पडला असेल तर तो लपवायचा कसा, असं विचारतात. लपत नाही. तारखांकडे नजर जातेच, आणि नुसती वर्षं लिहून महिने गाळले की संशय वाढतो. एक ओळ पुरते: 'मार्च २०२२ ते जानेवारी २०२३: घरातील आजारपणामुळे विश्रांती. या काळात एक्सेलचा अभ्यासक्रम पूर्ण.' दुसरं वाक्य खरं असेल तरच. काहींना तारखा टाळून नुसती कौशल्यांच्या गटांनुसार मांडणी करण्याचा सल्ला मिळतो. माझं मत त्याविरुद्ध आहे. तसा सीव्ही हातात आला की मी सगळ्यात आधी तारखाच शोधायचो.

यंत्राची चाळणी

मोठ्या संस्थांत तुमचा सीव्ही आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. त्याबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. ते सॉफ्टवेअर म्हणजे मुख्यतः कपाट आहे: सीव्हीतला मजकूर काढून नाव, पद, तारखा, शिक्षण अशा खणांत भरतं, आणि मग माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. म्हणून दोनच गोष्टी सांभाळायच्या. मजकूर नीट निघायला हवा, आणि शोधणारा जो शब्द टाकेल तो त्यात हवा.

मजकूर नीट निघतो का ते घरीच तपासता येतं. सीव्हीतलं सगळं निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन रकान्यांची मांडणी असेल तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळलेली दिसेल. चौकटीत, म्हणजे टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलेला फोन नंबर तळाशी गेलेला किंवा गायबच झालेला असेल. हेडरमधल्या मजकुराचंही कधीकधी तसंच होतं. छायाचित्र म्हणून चिकटवलेला मजकूर तर येतच नाही. नोटपॅडमध्ये वाचता आलं तर बहुतेक यंत्रांनाही वाचता येईल.

मराठीत अर्ज करणाऱ्यांनी ही तपासणी चुकवूच नये. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत, नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर कागदावर सुरेख दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती भलत्याच अक्षरांची रांग असते. पेस्ट केल्यावर 'व्यवस्थापक'च्या जागी निरर्थक चिन्हं आली, तर सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. युनिकोडमधल्या पीडीएफमधूनही कधी वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटून निघतात. अशा वेळी, चालत असेल तर, वर्डची फाइल पाठवणं शहाणपणाचं.

शब्दांचं म्हणाल तर जाहिरातीत 'बारकोड प्रणाली' असेल तर तुम्हीही 'बारकोड प्रणाली'च लिहा, 'अत्याधुनिक स्कॅनिंग तंत्र' नको. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा तरी येऊ द्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्द पेरण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका, मजकूर बाहेर निघाला की ती अक्षरं काळीच दिसतात. आणि 'एक्सेल: पाचपैकी चार तारे' याचा अर्थ ना यंत्राला कळतो ना मला. 'एक्सेल: पिव्हट टेबल, व्हीलुकअप, मासिक अहवाल' हे दोघांनाही कळतं.

अर्जाचं पत्र

सीव्हीत काय केलं ते असतं. पत्रात, त्या संस्थेत येऊन त्याचा काय उपयोग होईल, हे असावं. अर्ध्या पानापेक्षा मोठं नको. 'आपल्या नामांकित संस्थेची जाहिरात वाचून अत्यंत आनंद झाला' अशा सुरुवातीची पत्रं मी शेकड्याने चाळली आहेत. अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेली पत्रंही ओळखू येतात: भाषा स्वच्छ, तीच विशेषणं, आणि संस्थेचं नाव बदललं की कुठेही खपेल असा मजकूर. मसुदा कुठूनही घ्या, पण नाव झाकल्यावर ते पत्र कुणाला आहे हे ओळखता आलं पाहिजे.

आपल्या उदाहरणातलं पत्र असं होऊ शकेल:

'महोदय/महोदया, साठ्याच्या नोंदी कागदावरून संगणकावर आणण्याचं काम आपल्याकडे व्हायचं आहे, असं स्टोअर इनचार्ज पदाच्या जाहिरातीत वाचलं. गेल्या चार वर्षांत मी हे काम एकदा शेवटपर्यंत नेलं आहे. सर्वांत अवघड भाग टायपिंगचा नव्हता. एकाच वस्तूला तीन नावं होती, ती आधी एक करावी लागली. ते न करता सुरुवात केल्यामुळे आमचे पहिले दोन महिने वाया गेले, आणि ती चूक आपल्याकडे टाळता येईल. बारकोड प्रणाली मी वापरली आहे, पण नव्याने बसवलेली नाही, हे स्पष्ट करतो. सोबत सीव्ही जोडला आहे. नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे. भेटीची वेळ कळवल्यास आनंद होईल. आपला विश्वासू,'

तीन नावांची गोष्ट पाहा. ती ज्याने ते काम केलंय त्यालाच सुचते. असं एक वाक्य पत्रात असलं की 'मी अनुभवी आहे' हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि जे येत नाही ते एका वाक्यात सांगून मोकळं झालं, की बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

फुगवणं

थोडं फुगवलं तर काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन घटना. स्कॉट थॉम्प्सन जानेवारी २०१२ मध्ये याहूचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्यांच्या परिचयात अकाउंटिंगसोबत संगणकशास्त्राचीही पदवी होती, प्रत्यक्षात ती नव्हती. मे महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं. मॅरिली जोन्स अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख होत्या, म्हणजे इतरांचे अर्ज तपासणं हेच त्यांचं काम. तिथे २८ वर्षं काढल्यावर, नसलेल्या पदव्या लिहिल्याचं उघड झालं आणि २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. इतक्या वर्षांचं चांगलं कामही एका ओळीला पुरून उरलं नाही.

पदव्यांपेक्षा जास्त दिसते ती महिन्यांची ओढाताण: ऑगस्टमध्ये सोडलेली नोकरी डिसेंबरपर्यंत ताणलेली. जुन्या संस्थेला एक फोन गेला की ते कळतं.

पाठवताना

फाइलचं नाव 'सीव्ही फायनल नवीन २' असं नको. पूर्ण नाव आणि पद, बस. ईमेलच्या विषयात पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक. ईमेलच्या मजकुरात काहीच न लिहिता नुसती फाइल पाठवणं म्हणजे दार वाजवून उत्तर न देता उभं राहणं. दोन ओळी लिहा. एकाच ईमेलमध्ये पंधरा संस्थांचे पत्ते एकापुढे एक दिसतील असं पाठवू नका. हे सांगावं लागतं, कारण असे अर्ज येतात.

शेवटची तपासणी कागदावर आणि मोठ्याने वाचून करा, जमल्यास दुसऱ्या दिवशी. स्वतःचा फोन नंबर एक-एक आकडा करत वाचा. आम्ही निवडलेल्या एका उमेदवाराच्या नंबरात नऊच आकडे होते आणि ईमेल परत येत होता. आम्ही दोन दिवस प्रयत्न केला, मग यादीतल्या पुढच्या नावाला फोन केला. पत्रात दुसऱ्याच संस्थेचं नाव राहिलंय का तेही पाहा. रेफरन्स म्हणून कुणाचं नाव दिलं असेल तर त्यांना आधी विचारा, आणि सीव्हीची प्रत द्या.

उत्तर आलं नाही तर मुदत संपल्यावर आठवडा-दहा दिवसांनी एकदा, दोन ओळींत विचारा. दुसऱ्यांदा नको.

प्रत्येक अर्जासाठी एक फोल्डर ठेवा: पाठवलेला सीव्ही, पत्र, तारीख, आणि जाहिरातीची प्रत. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात. मुदत संपली की जाहिरात संकेतस्थळावरून काढली जाते आणि फोन येतो तीन आठवड्यांनी, तोवर तुम्ही आणखी अकरा ठिकाणी अर्ज केलेला असतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री ती प्रत काढा, रेघा ओढलेली. नोंदींबद्दलच्या त्या वाक्यावर पहिला प्रश्न येण्याची शक्यता बरीच असते.